कबुलीवर अंगठा घेण्याआधी दुभाषा हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यात बांगलादेशी घुसखोर पकडल्याची बातमी अधूनमधून छापून येते. कधी बुधवार पेठ, कधी वाघोली, कधी चाकण किंवा भोसरी. ठिकाण बदलते, मजकूर तोच राहतो: खबऱ्याची माहिती, छापा, बनावट आधार कार्ड, अटक. त्या माणसाचे पुढे शिवाजीनगरच्या न्यायालयात काय होते, हे मात्र छापले जात नाही. हे पत्र त्या पुढच्या भागाबद्दल आहे.

बेकायदा आलेल्याला शिक्षा व्हावी आणि त्याला परत पाठवावे, याबद्दल आमचे दुमत नाही. कायदाच तसा आहे. आमचा प्रश्न एवढाच की, ज्याला परदेशी म्हणून शिक्षा झाली तो परदेशी आहे हे न्यायालयासमोर कधी सिद्ध झाले? यातल्या बऱ्याच खटल्यांत ती वेळच येत नाही. साक्षीदार तपासले जात नाहीत, कारण खटला आरोपीच्या कबुलीवर निकाली निघतो. आणि ती कबुली मराठीत असते, जी भाषा त्या माणसाला येत नाही.

आधी कायदा पाहू. 1 सप्टेंबर 2025 पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट, 2025 लागू झाला आणि 1920 चा पासपोर्ट प्रवेश कायदा, 1939 चा नोंदणी कायदा, 1946 चा परकीय नागरिक कायदा आणि 2000 चा वाहतूकदारांच्या जबाबदारीचा कायदा, असे चार कायदे एकदम रद्द झाले. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय आत आल्यास कलम 21 खाली पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बनावट पासपोर्ट-व्हिसा वापरल्यास कलम 22 खाली किमान दोन आणि कमाल सात वर्षे, शिवाय एक ते दहा लाख दंड. व्हिसा संपूनही राहिल्यास कलम 23 खाली तीन वर्षांपर्यंत. पूर्वी 1920 च्या कायद्यात दंडाची कमाल मर्यादा 50 हजार होती. म्हणून प्रवेश नक्की कधी झाला याची तारीख महत्त्वाची ठरते. प्रवेश 1 सप्टेंबर 2025 पूर्वीचा असेल, तर त्याला नव्या कायद्याचा वाढीव दंड लावायला राज्यघटनेचे कलम 20(1) आडवे येते. कबुलीच्या खटल्यात ही तारीख कोणी विचारत नाही.

जुन्या कायद्याप्रमाणे नव्यातही ‘मी परदेशी नाही’ हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवरच आहे. इथे पुष्कळांची गफलत होते. भार आरोपीवर आहे याचा अर्थ पोलिसांनी काहीच दाखवायचे नाही, असा होत नाही. 11 जुलै 2024 रोजी आसामच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कोणालाही उचलून ‘सिद्ध कर’ म्हणता येणार नाही. संशयाला आधी काही सामग्री हवी आणि ती त्या माणसाला कळवायला हवी. नावाच्या स्पेलिंगमधल्या आणि तारखांमधल्या किरकोळ फरकांवरून नागरिकत्व नाकारता येणार नाही, हेही त्याच निकालात आहे.

त्या किरकोळ फरकांचेच एक उदाहरण घ्या. पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबाद किंवा मालद्याकडच्या मुस्लीम बाईच्या नावापुढे लग्नाआधी ‘खातून’ असते, लग्नानंतर बहुधा ‘बीबी’ होते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, मतदार यादीत दुसरे. ‘शेख’ कधी ‘सेख’ होतो. ‘मोहम्मद’ कुठे ‘मो.’, कुठे ‘एमडी’. हे सगळे इंग्रजीतून मराठी फिर्यादीत उतरवताना हवालदार कानाला येईल तसे लिहितो. मग जप्त केलेल्या कार्डावरचे नाव आणि फिर्यादीतले नाव जुळत नाही आणि तीच विसंगती ‘बनावट कागदपत्र’ म्हणून आरोपपत्रात येते. बोलीचेही तसेच आहे. सीमेच्या अलीकडच्या गावातली बोली आणि पलीकडच्या, बांगलादेशातल्या राजशाहीकडची बोली ऐकून देश ठरवणे बंगाली माणसालाही अवघड जाते. रविवार पेठेत दागिने घडवणाऱ्या कारागिरांत, बांधकामावरच्या सेंट्रिंग कामगारांत अशी बोली बोलणारे भारतीय शेकड्यांनी सापडतील.

चूक झाली तर केवढ्यात पडते, हे 2025 साली दिसले. जून महिन्यात महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकलले गेले आणि ते भारतीय निघाल्यावर परत आणावे लागले. दिल्लीत पकडलेली बीरभूमची एक गर्भवती बाई अशीच पलीकडे गेली. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आणि सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर डिसेंबर 2025 मध्ये ती परतली. ही माणसे तर न्यायालयापुढे आलीच नव्हती. जी येतात त्यांच्या बाबतीत तरी चूक पकडली जायला हवी.

अटकेपासून सुरुवात करू. संशयिताला ‘पडताळणीसाठी’ म्हणून चौकीत बसवून ठेवतात आणि अटक दोन-तीन दिवसांनी दाखवतात. दंडाधिकाऱ्यासमोर हजर करण्याचे 24 तास प्रत्यक्ष ताब्यात घेतल्यापासून मोजायचे असतात, स्टेशन डायरीत अटकेची नोंद झाल्यापासून नव्हे. पहिल्या रिमांडला वकिलाने आरोपीला ‘कधी आणलं?’ एवढे विचारून ते न्यायालयाच्या रोजनाम्यावर, म्हणजे कामकाजाच्या दैनंदिन नोंदीत, घ्यायला लावले पाहिजे. दुसरी गोष्ट म्हणजे अटकेची कारणे. 6 नोव्हेंबर 2025 रोजी महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नियम पक्का केला: अटकेची कारणे लेखी द्यायची, अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यायची आणि ताबडतोब शक्य नसेल तर रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी द्यायची. तसे झाले नाही तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा. बंगाली माणसाच्या हाती मराठीतला छापील नमुना देऊन, त्यावर ‘मला समजावून सांगितले’ या ओळीखाली सही घेतली तर नियम पाळला गेला असे म्हणता येत नाही. पोलिसांचे यात फार अडते असेही नाही, कारण नीट कारणे देऊन ते पुन्हा रिमांडचा अर्ज करू शकतात. बंगालीत एक पान टाइप करण्याचा हा प्रश्न आहे.

मग येतो जबाब. ‘मी मूळचा बांगलादेशी असून उपजीविकेकरिता छुप्या मार्गाने भारतात प्रवेश केला आहे’ असे अस्खलित मराठी वाक्य, आणि ते ज्याच्या नावावर आहे त्याला मराठीत पाणी मागता येत नाही. पोलिसांपुढची ही कबुली भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 23 प्रमाणे पुरावा म्हणून चालतच नाही. चालण्यासारखा पुरावा वेगळा असतो: मोबाईलमध्ये सापडलेला बांगलादेशी जन्मदाखल्याचा किंवा राष्ट्रीय ओळखपत्राचा फोटो, 880 ने (बांगलादेशच्या कोडने) सुरू होणाऱ्या क्रमांकांशी नियमित बोलणे, तिकडच्या खात्यात पैसे पाठवल्याच्या नोंदी. तोही त्याच अधिनियमाच्या कलम 63 खालच्या, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राशिवाय दाखल झाला तर टिकत नाही, आणि नुसते 880 चे क्रमांक एवढ्यावर राष्ट्रीयत्व ठरत नाही. सीमेवरच्या गावांत नातीगोती दोन्हीकडे असतात. ज्याच्या फोनमध्ये स्वतःच्या नावाचा बांगलादेशी जन्मदाखला आहे, त्याला शिक्षा होण्यासाठी कबुलीची गरज नाही. म्हणूनच पुराव्यावर खटला चालवण्यात सरकार पक्षाचे काही नुकसान नाही.

तरीही कबुली येते, आणि त्यामागचा हिशेब समजून घेतला पाहिजे. एकट्या कलम 21 चा गुन्हा असेल तर आरोपपत्र 60 दिवसांत यायला हवे, नाहीतर जामिनाचा हक्क मिळतो. भारतीय न्याय संहितेचे कलम 338, म्हणजे मौल्यवान दस्तऐवजाचे बनावटीकरण, जोडले की त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा असल्यामुळे 60 चे 90 दिवस होतात. आधार कार्डाला हे कलम लागू होते का, हा वादाचा मुद्दा पहिल्या रिमांडलाच मांडायचा असतो. तो बहुतेकदा कोणी मांडत नाही. जामीन मिळाला तरी स्थानिक जामीनदार, त्याचा सातबारा किंवा सॉल्व्हन्सी (ऐपतीचा दाखला) कुठून आणायची? 31 जानेवारी 2023 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, जामीन होऊन महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करावा. या आरोपींना त्याचा लाभ क्वचितच मिळतो. पळून जाण्याची भीती न्यायालयाला वाटते आणि ती भीती निराधार नसते, हे मान्य केले पाहिजे. सत्र न्यायालयाने जामीन नाकारला की पुढे मुंबईचे उच्च न्यायालय. कोल्हापूरला त्याचे सर्किट बेंच झाले, पण पुणे जिल्हा त्यात नाही. पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ झाल्यावर सोडायचे असते. पाच वर्षांचा तिसरा हिस्सा म्हणजे 20 महिने. त्यातही एकाहून अधिक गुन्हे प्रलंबित असले तर पोटकलम 2 चा अडसर दाखवला जातो.

आता येरवड्यात सात-आठ महिने काढलेल्या माणसाच्या जागी उभे राहून पाहा. त्याला कोणीतरी तोडक्या हिंदीत सांगते: कबूल कर, भोगली तेवढीच शिक्षा होईल, सुटशील. समोर वीस महिन्यांची वाट, इकडे आजच्या आज सुटका. तो कबूल करतो. तो खरोखर बांगलादेशी असो वा पश्चिम बंगालमधल्या बशीरहाटचा, दोघांचा हिशेब एकच निघतो.

कबुलीचा अर्ज एका पानाचा असतो. वर खटल्याचा क्रमांक, मध्ये साधारण असा मजकूर: आरोपी हा गुन्हा स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय कबूल करीत आहे, तो गरीब असून घरात एकटा कमावता आहे, तरी दया दाखवून कमीत कमी शिक्षा द्यावी. खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. तो परदेशी नागरिक आहे याबद्दल त्या पानावर अवाक्षर नसते. ते दोषारोपात असते आणि दोषारोप मराठीत वाचला जातो. ‘कबूल आहे का?’ यावर तो मान हलवतो. ‘कबूल’ हा शब्द बंगालीतही आहे, म्हणून त्याला प्रश्न कळला असे सर्वांना वाटते. काय कबूल, हे त्याला कळलेले नसते. आरोपीला समजले आणि त्याने स्वेच्छेने कबुली दिली, असे वाक्य निकालपत्रात येते आणि प्रकरण संपते.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत याला पुरेसे अटकाव आहेत, फक्त ते वापरले पाहिजेत. कलम 264 म्हणते की, कबुलीवर दंडाधिकारी स्वेच्छाधिकाराने दोषी ठरवू ‘शकतो’. ठरवलेच पाहिजे असे नाही. कलम 314 प्रमाणे आरोपीला न समजणाऱ्या भाषेतला पुरावा त्याला खुल्या न्यायालयात समजेल अशा भाषेत सांगावा लागतो. कलम 317 प्रमाणे दुभाष्यावर खरे भाषांतर सांगण्याचे बंधन आहे. कलम 357 तर आणखी पुढे जाते: आरोपी वेडसर नसूनही त्याला कामकाज समजावून देता येत नसेल, तर दोषी ठरवल्यावर प्रकरण अहवालासह उच्च न्यायालयाकडे पाठवावे लागते. या प्रकरणांत ते पाठवले गेले असे ऐकिवात नाही.

दुभाषा म्हणून प्रत्यक्षात कोण उभे राहते? बंगालीची ओळख असलेला शिपाई, नाहीतर छाप्याच्या वेळचा पंच, नाहीतर सहआरोपी. पहिले दोघे सरकार पक्षाचे आणि तिसऱ्याला स्वतःची सुटका हवी. पुण्यात बंगाली जाणणाऱ्यांची वानवा नाही. विद्यापीठ आहे, संशोधन संस्था आहेत, दुर्गापूजा मंडळे आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने दहा-बारा जणांची यादी करून त्यांना दिवसाचा भत्ता ठरवून दिला आणि न्यायालयाने त्यांना शपथ देऊन उभे केले, तर पुरे होईल. बांगलादेशातल्या सिल्हेट किंवा चितगावकडची बोली असेल तर कोलकात्याचे बंगाली अपुरे पडते, म्हणून यादी करताना बोलीची नोंद वेगळी ठेवावी. प्रत्यक्ष माणूस मिळाला नाही तर व्हिडिओ कॉन्फरन्स आहेच. रिमांड त्यावर चालतात, मग दुभाषा का नाही?

अमेरिकेत मुलेबाळे असलेल्या पुणेकर आईवडिलांना एक तुलना लगेच पटेल. कॅलिफोर्निया राज्याच्या दंडसंहितेतील कलम 1016.5 प्रमाणे, गुन्ह्याची कबुली स्वीकारण्यापूर्वी न्यायाधीशाने प्रत्येक आरोपीला सांगावे लागते की, तुम्ही नागरिक नसाल तर या शिक्षेमुळे तुम्हाला देशाबाहेर काढले जाऊ शकते, पुन्हा प्रवेश नाकारला जाऊ शकतो, नागरिकत्व नाकारले जाऊ शकते. हे सांगितले नाही आणि तसे परिणाम ओढवले, तर कबुली मागे घेता येते. तिथे हे सगळ्यांना सांगतात, कोण नागरिक आहे हे आधी विचारत नाहीत. केंटकी राज्यातल्या एका खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली पुढचे पाऊल टाकले: कबुलीमुळे हद्दपारी होईल हे आरोपीला सांगणे ही त्याच्या वकिलाचीच जबाबदारी आहे. आपल्याकडे असे कलम नाही. पण दंडाधिकाऱ्याने विचारायला कायद्याची मनाईही नाही. दुभाष्यामार्फत तीन प्रश्न पुरतात. तुझा जन्म कोणत्या गावात, कोणत्या जिल्ह्यात झाला? तू भारताचा नागरिक नाहीस हे तुला मान्य आहे का? शिक्षा संपल्यावर तुला घरी न सोडता देशाबाहेर पाठवतील, हे तुला कळले आहे का? उत्तरे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावीत. पहिल्याच प्रश्नाला ‘नदिया’ किंवा ‘उत्तर चोवीस परगणा’ असे पश्चिम बंगालमधल्या जिल्ह्याचे उत्तर आले, तर कबुली तिथेच थांबवून पडताळणी मागवावी.

हे आधी करणे का गरजेचे, तर त्याच सुरक्षा संहितेचे कलम 416. कबुलीवर शिक्षा झाली की दोषसिद्धीविरुद्ध अपीलच होत नाही. शिक्षा जास्त आहे की बेकायदा आहे, एवढ्यापुरतेच अपील राहते. म्हणजे भारतीय माणसाने न समजता अंगठा दिला, तर ‘मी परदेशी नाही’ हे सांगण्याची जागा त्याने गमावलेली असते.

आणि ‘सुटशील’ हेही खरे नसते. शिक्षा संपल्यावर तुरुंगाच्या दारातूनच पोलीस पुन्हा ताबा घेतात. खऱ्या बांगलादेशीला पाठवायचे तर त्याच्या देशाने तिकडचा पत्ता पडताळून प्रवासाचा कागद द्यावा लागतो, आणि ही विचारणा बऱ्याचदा शिक्षा संपल्यावर सुरू होते. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला विचारले होते की, शिक्षा भोगून झालेल्यांना अनिश्चित काळ डांबून का ठेवले जाते. उत्तर साधे आहे: अटकेच्या आठवड्यातच दोन पत्रे गेली पाहिजेत, एक आरोपी सांगतो त्या भारतीय जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना आणि दुसरे, तो बांगलादेशी असल्याचे सांगत असेल तर, मुंबईतल्या बांगलादेशच्या उपउच्चायुक्तालयाला. परदेशी आरोपीने मागणी केल्यास त्याच्या देशाच्या वकिलातीला कळवण्याचे बंधन 1963 च्या व्हिएन्ना करारात आहे. कुलभूषण जाधव यांच्यासाठी भारताने हेगच्या न्यायालयात हाच मुद्दा मांडला आणि 2019 साली जिंकला. जिल्ह्याकडून ‘उत्तर आले नाही’ म्हणजे ‘भारतीय नाही’, असे मात्र समजू नये. उत्तर नसेल तर स्मरणपत्र जायला हवे.

बुधवार पेठेतून सोडवलेल्या स्त्रियांबद्दल वेगळे सांगायला हवे. केंद्रीय गृहमंत्रालयाची 1 मे 2012 ची सूचना स्पष्ट आहे: तस्करी करून आणलेली परदेशी स्त्री किंवा मूल स्वतःच्या इच्छेने आलेले नाही असे तपासात दिसले, तर (तेव्हाच्या) परकीय नागरिक कायद्याखाली आरोपपत्र दाखल करू नये. तरीही आधी आरोपी आणि मग पीडित, असा उलटा क्रम लागतो. अशा बाईकडून कबुली घेणे तर अगदीच चुकीचे.

नव्या कायद्यासोबत आलेल्या सवलतीच्या आदेशाचाही वकिलांना विसर पडतो. बांगलादेश, पाकिस्तान, अफगाणिस्तानातून धार्मिक छळामुळे 31 डिसेंबर 2024 पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती व्यक्तींना कागदपत्रे नसल्याबद्दलच्या शिक्षेतून सूट आहे. धर्म आणि येण्याची तारीख विचारल्याशिवाय हे कळणार नाही.

शेवटी, नातेवाईक किंवा ठेकेदार फोनवर विचारतात ते: कोणते कागद आणायचे? आधार, पॅन, मतदार कार्ड यांनी नागरिकत्व सिद्ध होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये पुन्हा सांगितले आहे. 1 जुलै 1987 पूर्वी जन्मलेल्याला भारतात जन्म झाल्याचा पुरावा पुरतो. त्यानंतर 3 डिसेंबर 2004 पूर्वी जन्मलेल्याला आई किंवा वडील भारतीय असल्याचे दाखवावे लागते. त्याहून अलीकडच्यांच्या बाबतीत एक पालक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नाही, हे दाखवावे लागते. म्हणून मागवायचे ते असे: जन्मनोंदीचा उतारा, शाळेच्या प्रवेश रजिस्टरचा उतारा, आईवडिलांची नावे असलेले 2002 च्या मतदार यादीचे पान, वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावची जमिनीची ‘दलील’ (खरेदीखत) किंवा ‘पर्चा’ (जमिनीचा उतारा) आणि बापलेकाचे नाते दाखवणारा एखादा कागद. पंचायतीचा दाखला जोडीला चालतो, एकटा चालत नाही. फोटो व्हॉट्सअॅपवर आधी मागवावेत, पण न्यायालयात प्रमाणित प्रतीच द्याव्यात. पश्चिम बंगालच्या स्थलांतरित कामगार कल्याण मंडळाकडूनही हे कागद मिळवायला मदत होते. वकील नसेल तर विधी सेवेच्या 15100 या क्रमांकावर फोन करावा किंवा शिवाजीनगर न्यायालयातल्या लोकअभिरक्षक (आरोपींना मोफत वकील देणाऱ्या) कार्यालयात जावे. कोठडीतल्या कोणत्याही व्यक्तीला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाचा किंवा नागरिकत्वाचा दाखला लागत नाही. कागद पोहोचायला पंधरा-वीस दिवस लागतात. तोपर्यंत कबुलीच्या अर्जावर अंगठा देऊ नकोस, एवढा निरोप तुरुंगातल्या माणसाला त्याच्या भाषेत पोहोचवावा.

आपले,
फौजदारी न्यायालयांत विधी सेवेचे काम करणारे काही वकील,
शिवाजीनगर, पुणे